कोसा होण्याआधीचे पान : पानखाऊ अळ्यांचा आहार, पचन आणि वाढ

बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेकडील बिरसा तहसील मैकल डोंगररांगेच्या पठारावर, कान्हाच्या जंगलाशेजारी वसलेली असून, तिच्या रानात सालाबरोबर तेंदू, मोह, धावडा आणि ज्याला हिंदी मुलखात साजा, मराठीत ऐन व भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत येन म्हणतात तो वृक्ष भरपूर आढळतो. गोंड समाज याच साजाच्या झाडात बडादेवाचा वास मानतो, आणि कोसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टसर रेशमाची अळीही याच झाडाच्या पानावर पोसली जाते. पठार उतरून वैनगंगेच्या खोऱ्याकडे यावे तसतसा साग वाढत जातो आणि त्याच्या पानांवर निराळ्याच अळ्या दिसतात. भात निघाल्यानंतर पेरलेल्या हरभऱ्यात घाटेअळी येते. एकाच मुलखातील या साऱ्या अळ्या वनस्पतीवरच जगतात, परंतु त्यांतील प्रत्येकीला वेगळे पान लागते, ते वेगळ्या वयाचे लागते, आणि खाल्लेल्या पानाचे शरीर किती बनते हे प्रमाणही प्रत्येकीचे वेगळे असते. अळीचा आहार, तिचे पचन आणि तिची वाढ यांच्या संबंधाचा अभ्यास गेल्या सहा-सात दशकांत बराच पुढे गेला असून, त्यातील मुख्य निष्कर्ष मध्य भारतातील या उदाहरणांच्या आधारे तपासणे उपयुक्त ठरते. कारण येथे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नसून कोसा पाळणाऱ्या ढिवर, गोंड आणि इतर कुटुंबांच्या मिळकतीचाही आहे.

अळीची अवस्था ही फुलपाखरांच्या व पतंगांच्या आयुष्यातील जवळजवळ संपूर्णपणे खाण्यासाठी राखलेली अवस्था होय. तुतीवरील रेशीमकीटक अंड्यातून बाहेर पडल्यापासून सुमारे पंचवीस दिवसांत आपले वजन दहा हजार पटींच्या आसपास वाढवतो. अँथेरिया मायलिट्टा हे शास्त्रीय नाव असलेली टसरची अळी अंड्यातून निघते तेव्हा काही मिलिग्रॅमची असते, चार वेळा कात टाकून पाच अवस्था पार करते, आणि कोश विणण्याच्या सुमारास तळहातावर ठेवल्यास वजन जाणवावे एवढी हिरवीगार व जाडजूड होते. आयुष्यभरातील अन्नाचा फार मोठा वाटा, बहुतेक पानखाऊ अळ्यांत चार-पंचमांशाहून अधिक, ती शेवटच्या अवस्थेत खाते. टसरच्या पतंगाची मुखांगे खुरटलेली असतात आणि तो काहीही खात नाही. म्हणून कोशाचे रेशीम, कोशातील प्युपाचा देह, पतंगाच्या पंखांची हालचाल आणि मादीने घातलेली अंडी या सर्वांचा खर्च अळीने खाल्लेल्या पानांतूनच भागवावा लागतो.

हे पान अन्न म्हणून किती निकृष्ट असते, याची कल्पना रानाच्या हिरवेपणावरून येत नाही. प्राण्याच्या शरीराचे कोरडे वजन घेतले तर त्यात नत्राचे, म्हणजे प्रथिनांचा कणा असलेल्या नायट्रोजनचे, प्रमाण साधारणपणे सात ते चौदा टक्के असते, तर पानांत ते बहुधा एक ते पाच टक्क्यांच्या दरम्यान आणि झाडांच्या जून पानांत त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. विल्यम मॅटसन यांनी १९८० साली वनस्पतिभक्षक प्राण्यांतील नत्राच्या प्रश्नाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात ही तफावतच केंद्रस्थानी होती. नत्राइतकेच पाणीही निर्णायक असते. कोवळे पान रसरशीत असते, जून पानात पाण्याचे प्रमाण घटते आणि तंतू वाढतात, आणि सुकत चाललेल्या पानावर अळी तेवढ्याच नत्रातूनही कमी वाढते. कीटकांना स्टेरॉल, म्हणजे पेशींची आवरणे आणि कात टाकण्यास लावणारे संप्रेरक ज्यापासून बनते ते स्निग्ध द्रव्य, स्वतः तयार करता येत नसल्याने तेही पानातूनच मिळवावे लागते. कर्बोदके मात्र पानात रेलचेल असतात, आणि त्यांतील सेल्युलोज बहुतेक अळ्यांना पचत नाही. थोडक्यात, अळी अन्नाच्या राशीवर बसून प्रथिनांच्या व पाण्याच्या टंचाईत जगते, आणि तिच्या पचनसंस्थेची रचना ही या टंचाईशी जुळवून घेण्याची रचना आहे.

अळीचे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतचे आतडे जवळजवळ सरळ नळीसारखे असून त्याचा बहुतांश भाग मध्यांत्राने, म्हणजे पचन व शोषण जेथे होते त्या मधल्या भागाने, व्यापलेला असतो. आत गेलेल्या घासाभोवती कायटिन आणि प्रथिने यांचा अतिशय पातळ पडदा तयार होतो. तो आतड्याच्या पेशींना खरवडण्यापासून वाचवतो आणि विकरांना, म्हणजे पचन घडवणाऱ्या प्रथिनांना, आरपार जाऊ देतो. पण या मध्यांत्राचे खरे वैशिष्ट्य त्याच्या सामूत आहे. माणसाचे जठर तीव्र आम्लधर्मी असते, तर अळीचे मध्यांत्र तीव्र अल्कधर्मी असते. तुतीच्या रेशीमकीटकात सामू दहाच्या आसपास आणि काही जातींत अकराच्याही पुढे जातो. इतका सामू टिकवण्यासाठी आतड्यातील चषकाकार पेशी सतत ऊर्जा खर्च करून आयनांची ने-आण करत असतात, आणि एवढा खर्च करण्याचे कारण काय, हा या विषयातील अतिशय फलदायी प्रश्न ठरला. हीच अल्कता अळीचा घातही करते, कारण बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे स्फटिकरूप विष अल्कधर्मी आतड्यातच विरघळते; भारतात २००२ साली मान्यता मिळालेला बीटी कापूसही याच जिवाणूच्या विषावर आधारलेला आहे.

अन्न आतड्यात काही तासच राहते. गाय किंवा वाळवी ज्या तऱ्हेने सूक्ष्मजीवांच्या मदतीने सेल्युलोज पचवते तशी सोय अळीकडे बहुधा नसते. टोबिन हॅमर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १२४ जातींच्या अळ्या तपासून असे दाखवले की, त्यांच्या आतड्यात कायम वस्ती करून राहणारे सूक्ष्मजीव जवळजवळ नसतात, आणि जे आढळतात ते बहुतांशी पानाबरोबर आलेले असतात. त्यामुळे पानाची पेशी फोडण्याचे काम प्रामुख्याने जबड्यावर येते. एलिझाबेथ बर्नेझ आणि डॅनियल जॅन्झेन यांनी १९८८ साली कोस्टा रिकातील दोन पतंगकुळांच्या अळ्यांची तुलना करून दाखवलेला फरक येथे फार महत्त्वाचा आहे. टसर ज्या कुळात मोडते त्या सॅटर्निड कुळातील अळ्यांचे जबडे आखूड व साधे असून ते जून, चिवट, टॅनिनयुक्त पानाचे एकसारखे लहान तुकडे कातरतात. स्फिंजिड कुळातील अळ्यांचे जबडे दातेरी असून त्या कोवळे, मऊ पण विषारी द्रव्ये बाळगणारे पान फाडून चिरडतात. झाडाखाली पडलेल्या लेंड्यांत पानाचे कातरलेले तुकडे ओळखू येतात, आणि त्यावरून एवढेच कळते की अळीने पानाचा चावा घेऊन त्यातले सुटे होईल तेवढे घेतले आणि उरलेले टाकून दिले.

घेतले किती आणि टाकले किती याचा हिशेब ठेवण्याची पद्धत गिल्बर्ट वॉल्डबॉअर यांनी १९६८ साली मांडली, आणि तिने या शाखेला समान भाषा मिळवून दिली. तिच्यात तीन प्रमाणे मुख्य आहेत : खाल्लेल्या कोरड्या अन्नापैकी विष्ठा वजा जाता जो भाग शरीरात शोषला गेला तो पचनांश, शोषलेल्या भागापैकी जेवढ्याचे प्रत्यक्ष शरीर बनले ती पचलेल्या अन्नाची रूपांतरक्षमता, आणि या दोहोंचा गुणाकार, म्हणजे खाल्लेल्या अन्नाची एकूण रूपांतरक्षमता. समजा, अळीने १०० ग्रॅम कोरडे पान खाल्ले, त्यातील ३५ ग्रॅम शोषले गेले आणि त्याच्या ४० टक्क्यांचे शरीर बनले, तर हाती केवळ १४ ग्रॅम वाढ लागते. शोषलेले उरलेले २१ ग्रॅम श्वसनात, हालचालीत आणि पानातील उपद्रवी द्रव्ये निष्प्रभ करण्यात खर्ची पडतात. जे. मार्क स्क्रायबर आणि फ्रँक स्लान्स्की यांनी १९८१ साली शेकडो निरीक्षणे एकत्र करून दाखवले की, अळी जसजशी मोठी होते तसतसा पचनांश घटतो आणि रूपांतरक्षमता बहुधा वाढते, तसेच मऊ वनस्पतींवरील अळ्यांच्या तुलनेत झाडांच्या जून पानांवरील अळ्या मंदगतीने वाढतात. या पद्धतीत एक धोका आहे. पाणी किती उडाले याच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी ती गुणाकारात फुगते; त्यामुळे दोन झाडांच्या पानांवरील अळ्यांच्या रूपांतरक्षमतेत एक-दोन टक्क्यांचा फरक दाखवून त्यावर शिफारशी उभारणाऱ्या निबंधांकडे सावधपणेच पाहावे लागते.

पानाच्या वयाचे महत्त्व सिद्ध करणारा अभ्यास मात्र असा डळमळीत नाही. पॉल फीनी यांनी ऑक्सफर्डजवळच्या ओक वृक्षांवर विंटर मॉथ या पतंगाच्या अळ्यांचा अभ्यास करून १९७० साली असे मांडले की, वसंतात पालवी फुटताच ही अळी बाहेर पडते आणि काही आठवड्यांत खाणे संपवते, कारण त्यानंतर पानातील पाणी व नत्र घटते, पान चिवट होते आणि त्यातील टॅनिन वाढत जाते. याचा मध्य भारतातील सर्वांत चांगला पडताळा सागावर मिळतो. सागाचे पान पूर्ण फस्त करणारी हिब्लिया पुएरा ही अळी पावसाळ्याच्या तोंडाशी, कोवळी पालवी असताना, मोठ्या झुंडीने येते आणि तिच्या पहिल्या अवस्थांना जून पान चालत नाही. युटेक्टोना मॅकेरॅलिस ही दुसरी अळी मात्र हंगामाच्या उत्तरार्धात जून पानावर येते आणि शिरा सोडून मधला हिरवा गाभा तेवढा कुरतडते, त्यामुळे पानाची जाळी उरते. पहिलीने वेळ निवडली आहे, दुसरीने पानातला भाग निवडला आहे. ही निवड झाडालाही भोवते : केरळमधील निलंबूर येथील तरुण सागलागवडीत के. एस. एस. नायर व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात हिब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत ४४ टक्के घट दिसून आली, कारण ही अळी झाडाची नेमकी सर्वाधिक वाढीच्या काळातील पाने खाते.

टॅनिनांविषयीचे मत गेल्या अर्धशतकात पुष्कळ बदलले आहे. कातडे कमावताना टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते, तसेच ते अळीच्या आतड्यात पानातील प्रथिनांना व विकरांना बांधून पचन रोखत असावे, असे प्रारंभी मानले जाई. मे बेरेनबॉम यांनी १९८० साली अळ्यांच्या मध्यांत्राच्या सामूची तुलना केली तेव्हा झाडांची पाने खाणाऱ्या जातींत तो अधिक असल्याचे दिसले, आणि अल्कतेत ही बांधणी सुटते हे लक्षात घेता अल्कधर्मी आतडे हे टॅनिनावरचे उत्तर ठरते. आतड्यातील साबणासारखी द्रव्येही याच कामी मदत करतात. पण उत्तर मिळाले तेथेच नवा प्रश्न उभा राहिला. रेमंड बार्बेहेन यांच्या नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले की, अल्कधर्मी व प्राणवायू असलेल्या आतड्यात काही टॅनिने, विशेषतः एलॅजिटॅनिन या गटातील, स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन पेशींना जाळणारी घातक रूपे निर्माण करतात, आणि अळीला त्यांना आवर घालण्यासाठी खर्च करावा लागतो. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा हे सारे टर्मिनेलिया प्रजातीतील वृक्ष एलॅजिटॅनिनांनी समृद्ध आहेत. हिरड्याचे फळ ज्या तुरट गुणासाठी चामडे कमावणाऱ्यांनी शतकानुशतके वापरले, त्याच गुणाच्या पानांवर टसरची अळी वाढते, ही गोष्ट अळीच्या आतड्याविषयी बरेच काही सांगून जाते. टसरच्या अळीला टॅनिन बाधत नाही असे म्हणण्यापेक्षा, ते सोसण्याची किंमत ती सतत मोजत असते, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

टसरच्या अळीला ऐन, अर्जुन आणि साल हे तीन वृक्ष मुख्य अन्न म्हणून चालतात, आणि बोर, जांभूळ, हिरडा, बेहडा अशा पुष्कळ झाडांवरही ती तगते. झारखंडातील डाबा, बस्तरच्या सालवनातील रैली आणि भंडारा या नावानेच ओळखला जाणारा पूर्व विदर्भातील वाण हे तिचे प्रादेशिक प्रकार असून, प्रत्येकाची सवय आपल्या रानातील पानाशी जुळलेली आहे. रैली अजूनही बहुतांशी रानातूनच गोळा केली जाते. केंद्रीय रेशीम मंडळाची रांची येथील टसर संशोधन संस्था १९६४ पासून कार्यरत आहे, आणि तिच्या व बिलासपूरच्या टसर बीज संघटनेच्या कामात खाद्यवृक्षांची तुलना हा नेहमीचा विषय राहिला आहे. या तुलनांतून अर्जुन आणि ऐन यांना पहिली पसंती मिळते, आणि दुय्यम झाडांवर अळीकाळ लांबतो, अळ्या अधिक मरतात व कोश हलके होतात. मात्र कोणता वृक्ष श्रेष्ठ हा प्रश्न पानाचे वय, झाडाची छाटणी केव्हा झाली आणि पाऊस किती दिवसांपूर्वी थांबला, हे सांगितल्याशिवाय अर्धाच राहतो. छाटलेल्या ऐनाची पावसाळी पालवी आणि न छाटलेल्या अर्जुनाचे आश्विनातले पान यांची तुलना वृक्षांची नसून वयांची होते.

हंगामामुळे आणखी एक गुंता निर्माण होतो. पावसाळ्यातील पहिल्या पिकात पान रसदार असते, ऊब भरपूर असते आणि अळी महिन्याभरातच कोशावर जाते. हिवाळ्याकडे झुकणाऱ्या पुढच्या पिकात पान तुलनेने जून असते व अळीकाळ लक्षणीय लांबतो, तरीही या पिकाचे कोश बहुधा अधिक वजनदार आणि रेशमाने भरलेले निघतात. यावरून जून पान चांगले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. थंडीत अळीचे शरीर हळू चालते, ती जास्त दिवस खाते, आणि कोशात प्युपा पुढचा पावसाळा येईपर्यंत सुप्त राहणार असल्याने तिला अधिक साठा करावा लागतो. म्हणजे वाढीचा वेग आणि वाढीचा आकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आहाराचा परिणाम मोजताना त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

हरभऱ्याचे उदाहरण या चर्चेला निराळ्या वळणावर नेते, कारण तेथे झाडाचे रक्षण पानाच्या जूनपणात नसून रसायनात आहे. हरभऱ्याच्या कोवळ्या पाना-घाट्यांवर पहाटे जी आंबट आंब जमते आणि जी कापड फिरवून गोळा करून घरगुती औषध म्हणून वापरतात, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील संशोधकांनी १९९५ साली दाखवले की, अळीच्या कृत्रिम खाद्यात ऑक्झॅलिक आम्ल मिसळल्यास घाटेअळीची वाढ खुंटते, मॅलिक आम्लाने मात्र तसा परिणाम होत नाही. झाडांची दुसरी युक्ती म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या विकरांना अडवणारी रोधक प्रथिने. जखम झालेल्या बटाट्याच्या व टोमॅटोच्या पानांत ती वाढतात, हे ग्रीन आणि रायन यांनी १९७२ साली अमेरिकेत सिद्ध केले होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा घाटेअळीपर्यंत आणला. त्यांच्या १९९८ सालच्या निबंधानुसार हरभऱ्याची स्वतःची रोधक प्रथिने घाटेअळीच्या आतड्यात निष्प्रभ ठरतात, आणि पुढच्या वर्षीच्या निबंधानुसार ज्या वनस्पती ही अळी खात नाही त्यांच्यातील रोधके, चौधारी घेवड्यातील रोधकांसारखी, आळीपाळीने दिल्यास तिची वाढ प्रभावीपणे रोखता येते. कारली आणि मिरची यांतील रोधकांवरही पुढे काम झाले. या संशोधनाचा गाभा असा की, घाटेअळीकडे विकरांचा एकच संच नसून मोठा साठा असतो, आणि समोर आलेल्या अन्नानुसार ती त्यातील विकरे बदलते. तूर, हरभरा, कापूस, टोमॅटो अशा असंख्य पिकांवर तिने बस्तान बसवले त्यामागे हे लवचीक आतडे आहे. जबडा आणि सामू यांच्या जोडीला आहारानुसार बदलणाऱ्या विकरांची ही भर पुण्यातील कामाने घातली, आणि मराठी वाचकाला तिची ओळख जितकी असायला हवी तितकी नाही.

अन्न अपुरे असले तर अळी निमूटपणे खुरटत नाही; ती अधिक खाते. नत्र कमी असलेल्या किंवा पातळ केलेल्या खाद्यावर अळ्या भक्षणाचा वेग वाढवून तूट भरून काढतात, परंतु स्लान्स्की व व्हीलर यांनी १९९२ साली दाखवल्याप्रमाणे अशा अन्नात विषारी द्रव्य असेल तर जास्त खाण्यामुळेच त्याची मात्रा घातक होते. स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड रॉबेनहायमर यांनी १९९० च्या दशकापासून विकसित केलेल्या भूमितीय मांडणीत प्रथिने व कर्बोदके या दोन अक्षांवर अळीचे लक्ष्य दाखवले जाते, आणि एकाच्या तुटवड्यासाठी दुसऱ्याचा अतिरेक किती सोसायचा, हा तिचा निर्णय मोजता येतो. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या अनेक पिढ्या कर्बोदकप्रधान खाद्यावर वाढवल्यावर, जादा कर्बोदके चरबीत न साठवण्याची क्षमता त्यांच्यात उत्क्रांत झाल्याचे २००६ साली आढळले. म्हणजे आहार एका अळीचीच नव्हे, तर पिढ्यांचीही घडण बदलतो. कोशासाठी मात्र प्रथिनांना पर्याय नाही, कारण रेशमाचा धागा हा मुख्यतः ग्लायसीन आणि अॅलानीन या नत्रयुक्त अमिनो आम्लांचा बनलेला असतो.

कोसा पाळणारी कुटुंबे हे सारे अनुभवाने सांभाळत आली आहेत. टसरची अळी तुतीच्या अळीसारखी घरात तबकावर वाढत नाही, उघड्या झाडावर वाढते, त्यामुळे अळीकाळ चार दिवसांनी लांबला तर पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या आणि अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी यांना चार दिवस अधिक मिळतात; निकृष्ट पानाने आतडे दुबळे झाले की फ्लॅचरीसारखा जिवाणूजन्य रोग बळावतो. म्हणूनच पाळणारे गोफण व गुलेल घेऊन दिवसभर राखण करतात, चॉकी म्हणजे पहिल्या अवस्थांतील अळ्यांना कोवळ्या फांद्यांवर जाळीखाली ठेवतात, झाडाची पाने संपत आली की फांदीसकट अळ्या दुसऱ्या झाडावर हलवतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ऐनाची छाटणी करतात. त्या छाटणीवर फुटलेली पालवी मृगाच्या पावसानंतर पहिल्या पिकाच्या अळ्यांना मिळते; त्या अळ्यांनी खाल्लेल्या पानांतून कोश भरतात, कोशातून निघालेली मादी काहीही न खाता दोन-तीन दिवसांत अंडी घालते, आणि त्या अंड्यांतील पिवळा बलक हे त्याच छाटलेल्या ऐनाच्या पानाचे रूपांतर असते.